उशा किती?

“उशा किती लागतात म्हणे! आपल्याकडे काय उशांचा दुष्काळ पडलाय?”

आई हे मावशीला फोनवर सांगत होती. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरला पाठ टेकवून आणि तिच्या समजुतीप्रमाणे अगदी हळू आवाजात. कूलरच्या पलीकडच्या बाकावर मी होते, माझ्या पलीकडे आणखी सहा माणसं होती आणि आम्ही सातही जण एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागलो. “नाही गं, सुनेला धड उशी तरी देतात का, हे तपासतात ही माणसं. सरळ कसं विचारतील, छळ करता का म्हणून? मग असं आडून विचारायचं. मी पण सांगितलं, मागेल तेवढ्या देतो!”

परवा गच्चीवर उशा उन्हात घालताना हे सगळं आठवलं. आमच्या घरात अकरा उशा आहेत. त्यातल्या सहा वहिनीला दिवस गेले त्या वर्षी आल्या.

फेब्रुवारी संपत आला की नाशिकला दोन हवामानं एकदम चालू असतात. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना स्वेटर लागतो आणि संध्याकाळी त्याच बसमधून उतरताना तो स्वेटर हातात धरायची लाज वाटते. हातगाड्यांवर द्राक्षं येतात. पप्पांचं पिंपळगावला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे आम्हाला ती विकत घ्यावी लागत नाहीत. प्रत्येक बागायतदार जाता जाता एक खोकं ठेवून जातो. घरातल्या सगळ्या वाट्या, ताटल्या, एकदा तर पप्पांचं हेल्मेटसुद्धा द्राक्षांनी भरलेलं असतं. त्यांच्यावर चिलटं घोंघावतात आणि गच्चीवर पापड वाळत असतात. मला या दिवसांचा वास आंबटगोड आणि थोडा हिंगाचा असा येतो. त्या वर्षीपासून त्यात हॉस्पिटलच्या सॅनिटायझरचाही वास मिसळलाय.

वहिनी चांदवडची. तिचं नाव सोनाली. लग्न होऊन आली तेव्हा ती आमच्या घरातली सगळ्यात धडधाकट व्यक्ती आहे असा सगळ्यांचा समज होता, कारण गॅसचं भरलेलं सिलिंडर ती एकटी सरकवायची. दिवस गेल्यावर जिना चढताना तिला धाप लागू लागली. “पोटुशी बाईला लागतेच,” आई म्हणाली. चौथ्या महिन्यात बाळंतपणाच्या मॅडमनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, लहानपणी कधी ताप येऊन गुडघे सुजले होते का? सुजले होते. सातवीत. महिनाभर शाळा बुडाली होती, आणि ते दिवस फार मजेत गेले असं वहिनीचं मत होतं. त्या मजेच्या महिन्यात तिच्या हृदयाची एक झडप आकसायला लागली होती. एवढी वर्षं ती तशीच चालली. आता दोन जिवांचं रक्त त्या अरुंद दारातून जायचं होतं.

घरात सगळे घाबरले, पप्पा सोडून. कारण घरात हा आजार कळलेले ते एकटेच होते. “वॉल जाम आहे,” ते म्हणाले. “पुढे पाणी कमी जाणार, मागे प्रेशर वाढणार. मागे काय आहे, फुप्फुस? मग पाणी तिथे साठणार. सोपं आहे.” हृदयाच्या डॉक्टरांनी नंतर कागदावर जे चित्र काढलं ते हुबेहूब पप्पांच्या दुकानातल्या कॅटलॉगसारखं होतं. पण पप्पा एकदाच आले. नंतर छाटणीपासून खतापर्यंत सगळ्यांना त्यांचीच गरज होती. दादा मनमाडला रेल्वेत. त्याच्या पाळ्या वहिनीच्या आजाराला विचारून लागत नव्हत्या. आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असते आणि त्या हॉस्पिटलचा हा खास दवाखानाही शनिवारी. शिवाय मी इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे माझी नेमणूक झाली.

इंग्रजी माध्यमाची म्हणजे बोलकी, असा एक गैरसमज आहे. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की मावश्या हसायच्या. मी दोन्हींतून मार्ग काढला आणि बोलायचंच सोडून दिलं. कंपनीत माझं काम ईमेल लिहायचं आहे. पलीकडच्या टेबलावरच्या माणसालाही मी ईमेलच करते. मला बघायला तीन स्थळं येऊन गेली होती. तिसऱ्या वेळी मुलाच्या आत्यानं निघताना आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मुलीला बोलता येतं ना?”

म्हणून शनिवारच्या त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मीच आईच्या पाठीमागे सरकले. एरवी हॉस्पिटलमध्ये आपण फाइल घेऊन मजल्यामजल्यावर फिरतो आणि एक डॉक्टर दुसऱ्याचं अक्षर लावत बसतो. इथे उलट होतं. एका लांब टेबलाच्या पलीकडे सगळे एकत्र बसलेले: हृदयाचे डॉक्टर, बाळंतपणाच्या मॅडम, भूल देणाऱ्या मॅडम, बाळांचे डॉक्टर आणि टोकाला जाड वही घेऊन वाघ सिस्टर. वहिनीनं आत जायचं, समोरच्या एकुलत्या खुर्चीवर बसायचं आणि सगळ्यांनी मिळून तिला प्रश्न विचारायचे.

“अगं बाई, बघायला आल्यासारखेच बसलेत की,” आई कुजबुजली. “सोनाली, ओढणी नीट घे. आणि विचारतील तेवढंच बोल.”

वहिनीनं ओढणी नीट घेतली. भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, “घरी जिने किती?” वहिनी म्हणाली, “सतरा पायऱ्या.” आईनं पुस्ती जोडली, “वन प्लस वन आहे, स्वतःचं आहे.” बाळांच्या डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. मग वाघ सिस्टरांनी वहीतून मान वर न करता विचारलं, “उशा किती लागतात?” वहिनी “दोन” म्हणाली आणि आई, “मागेल तेवढ्या देतो!”

तिथून उशांचं प्रकरण सुरू झालं.

आईनं ते मनाला लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिनं कापूसवाल्याकडून सावरीच्या कापसाच्या सहा नव्या उशा करवून घेतल्या. अभ्रे शिवले, प्रत्येकावर मोगऱ्याची वेल. शनिवारी वाघ सिस्टरांनी विचारायच्या आत ती म्हणाली, “चार!”

सिस्टरांनी मान वर केली. “चार? मागच्या वेळी तर दोन होत्या ना?”

“वाढवल्या,” आई अभिमानानं म्हणाली.

बाळंतपणाच्या मॅडमनी लगेच फाइल पुढे ओढली. वहिनीच्या छातीची सोनोग्राफी त्याच दिवशी पुन्हा झाली. तासाभरानं कळलं की सगळं मागच्यासारखंच आहे. तेव्हा बाळंतपणाच्या मॅडमनी विचारलं, “सोनाली, चारही उशा डोक्याखाली घेतेस?”

“दोन डोक्याखाली,” वहिनी म्हणाली. “एक पायाखाली. अन् एक आईंनी दिली म्हणून.”

हृदयाचे डॉक्टर दक्षिणेकडून नुकतेच नाशिकला आलेले. मराठी त्यांना अजून येत नव्हतं आणि त्यांचं हिंदी माझ्या गाण्यासारखं होतं. ते माझ्याकडे वळून भराभर इंग्रजीत सांगू लागले. झडप अरुंद असली की आडवं झाल्यावर फुप्फुसात पाणी चढतं, श्वास कोंडतो, म्हणून माणूस आपोआप डोकं उंच करतो. एक उशी पुरत असेल तर ठीक, दोन लागल्या तर आम्ही सावध, तीन लागल्या तर त्याच दिवशी या, बसून झोपावं लागलं तर धावत या. उशा हा आमचा थर्मामीटर आहे. उशांनी काही होत नाही, त्यांच्यावरून कळतं. हे घरी नीट समजावून सांगा.

मला शब्द न् शब्द समजला. अजूनही पाठ आहे. मग खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, “काय म्हणतात गं साहेब?” माझे कान तापले. एवढ्या मोठ्या परिच्छेदाचं मी एका दमात भाषांतर केलं:

“उशा कमी असल्या तर बरं.”

माझं वाक्य चुकलं नव्हतं. उशा कमी लागल्या म्हणजे वहिनीला बरं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण आपल्या ‘बरं’ या शब्दावर कोणीही काहीही टांगावं. आईनं ते पथ्य म्हणून ऐकलं. मीठ कमी, पाणी मोजून, उशा कमी.

आई पथ्य पाळायला लागली की ते पथ्यालाच जड जातं. पापडाचं पीठ भिजलं त्या दिवशी वहिनीला लाटीचे डोहाळे लागले होते. खारट, तेलात बुडवलेली, हिंगाच्या वासाची ती लाटी. आईनं मला परातीपाशी राखणीला बसवलं होतं. वहिनी तीन वेळा आली. एकदा पाणी प्यायला, एकदा चष्मा शोधायला (ती चष्मा लावत नाही), आणि तिसऱ्यांदा नुसतीच येऊन उभी राहिली. “ताई,” ती म्हणाली, “नुसता वास घेऊ का?” मी मान हलवली. ती वास घेत दोन मिनिटं उभी राहिली. आई चहा गाळत होती. इतकी करुण चोरी मी आजवर पाहिलेली नाही.

उशांचंही तसंच झालं. रोज एक कमी करत गुरुवारपर्यंत वहिनीच्या पलंगावर एकच उशी उरली, तीही आईनं जुन्यातली, बसकी दिली. बाकीच्या दिवाणात गेल्या. “जमतंय ना गं?” आईनं विचारलं. “जमतंय की,” वहिनी म्हणाली. त्या पंधरवड्यात दादाची रात्रपाळी होती. खोलीत ती एकटीच असायची.

मी सकाळी साडेपाचला उठते. शुक्रवारी उठले तर वहिनी स्वयंपाकघरात होती. पप्पांना दिवाळीत भेट आलेली निळी प्लास्टिकची खुर्ची आहे आमच्याकडे, पाठीवर कुठल्याशा पाइप कंपनीचं नाव असलेली. त्या खुर्चीत बसून, टेबलावर हातांची घडी, घडीवर कपाळ. शाळेत बाई ‘हेड्स डाऊन’ म्हणायच्या तेव्हा आम्ही बसायचो तशी. मला वाटलं दूध तापवायला आली आणि डुलकी लागली. पण खांद्यावर शाल होती, पायाखाली पाट होता, शेजारी मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. मुक्काम थाटलेला होता.

“आडवं झालं की कोणी छातीवर बसल्यागत होतं,” ती म्हणाली. “बसल्यावर लय बरं वाटतं. आईंना सांगू नको.”

“आणि त्यांना?” मी विचारलं. त्यांना म्हणजे टेबलापलीकडच्यांना.

वहिनीनं खांद्यावरची शाल ओढून घेतली. वाक्याच्या मध्ये तिला थांबावं लागत होतं, स्वल्पविराम नसलेल्या जागी. “ताई, रविवारी डोहाळजेवण हाय. चांदवडहून दोन जीपा भरून लोक येतील. तीन महिने झाले, मी नुस्ती पेशंट हाय. एक दिवस मला हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसायचंय. सांगितलं तर ते मला उद्याच ठेवून घेतील.” मग तिनं डोळे मिचकावले. “अन् मी खोटं नाय बोलणार. विचारतील तेवढंच सांगीन. आईंनीच शिकवलंय.”

मी वचन दिलं. न बोलण्याचं वचन द्यायला मला कधीच जड जात नाही. दिवसभर मी ईमेल लिहीत होते आणि प्रत्येक ईमेलच्या शेवटी ‘धावत या’ हे दोन शब्द दिसत होते. संध्याकाळी घरी आले तर पप्पा द्राक्षांचे घड सुतळीनं झोपाळ्याच्या कड्यांना बांधून बघत होते, आई साठ जणांची पंगत मोजत होती आणि वहिनी सोफ्यावर बसून हिरव्या बांगड्या मनगटावर चढवत होती. खुशीत होती. प्रत्येक बांगडीनंतर थांबत होती.

शनिवारी आधी बाहेरच्या खोलीत तिला तपासलं. वजन दोन किलोनं वाढलेलं. “माहेराहून लाडू आलेत,” वहिनी म्हणाली, आणि आले होते खरेच. छातीत फारसं काही ऐकू आलं नाही. दोन रात्री बसून काढल्यामुळे पाणी खाली राहिलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. मग आम्ही आत गेलो. टेबलापलीकडे पाच, अलीकडे तीन. वहिनी बसली, तिच्या मागे मी आणि आई उभ्या.

“उशा किती?” वाघ सिस्टर.

“एकबी नाय,” वहिनी म्हणाली.

आईचा चेहरा बोर्डात आलेल्या मुलाच्या आईसारखा झाला. बाळंतपणाच्या मॅडम “अरे वा!” म्हणाल्या. सिस्टरांनी वहीत मोठं शून्य काढलं. कोणीतरी हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं, आणि ते प्रसन्न हसून म्हणाले, “एक्सलंट!” गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा, पुढच्या शनिवारी या. एवढ्या वेळात वहिनी फक्त दोन शब्द बोलली होती. त्या दोन शब्दांनंतर तिचा खांदा श्वासासाठी वर गेला तो मी मागून बघत होते.

पुढचा शनिवार म्हणजे सात दिवस. सिस्टरांनी फाइल मिटली. आईनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढायला सुरुवात केली.

माझ्याकडे एक इंग्रजी वाक्य तयार होतं. ते डॉक्टरांना कळलं असतं आणि आईला, वहिनीला गाडीत बसेपर्यंत कळलं नसतं. चुगली इंग्रजीत केली की ती निम्मीच लागते, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. पण मागच्या वेळी डॉक्टरांच्या इंग्रजीचं मराठी होता होताच उशा हरवल्या होत्या. आणि वहिनीच्या पाठीमागे तिच्याबद्दल तिला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं, हे मला त्या क्षणी जमेना. मी तोंड उघडलं.

पुढचं आधी सांगून टाकते. तासाभरात वहिनी वॉर्डात होती, हातात सुई, नाकाला नळी. पाणी उतरायला दोन दिवस लागले. मग पायाच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेऊन तिच्या टोकाचा फुगा फुगवला, आणि आकसलेली झडप मोकळी केली. वहिनी जागी होती. भूल देणाऱ्या मॅडम पूर्ण वेळ तिच्याशी चांदवडबद्दल बोलत होत्या. “वॉल न खोलता?” पप्पांनी हृदयाच्या डॉक्टरांना तीनदा विचारलं. “हे ठिबकला यायला पाहिजे.” डॉक्टरांना ते हिंदीत कोणी समजावलं देव जाणे, पण ते खूप हसले.

वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पलंगावर आडवी असताना तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. “ताई,” ती कानात म्हणाली, “लाटी आणलीस का?”

डोहाळजेवण पंधरा दिवसांनी वॉर्डातच झालं. वाघ सिस्टरांनी अर्धा तास दिला होता आणि साठातली सहा माणसं. झोपाळा नव्हता. आईनं व्हीलचेअरच्या दोन्ही हातांना द्राक्षांचे घड बांधले. मावशीनं पेढा आणि बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे केल्या तशा सिस्टर गरजल्या, “ए मावशी, मुलगा की मुलगी ते इथे नाही चालणार, कायदा आहे!” दोन्ही वाट्या जप्त झाल्या आणि ड्यूटीच्या खोलीत संपल्या. हिरव्या साडीत वहिनी फार छान दिसत होती. मे महिन्यात चौघंही डॉक्टर हजर असताना मुलगी झाली. परवा गच्चीवर मी उशा मांडत होते आणि ती एकेका उशीवर चढून दुसऱ्या बाजूनं घसरत होती. वहिनी पापडांपाशी होती, लाटी गालात. तिच्या पलंगावर आता एकच उशी असते.

मावशीनं मध्यंतरी आईला फोनवर विचारलं, तुझी पोरगी अजून तशीच मुकी आहे का. मी कूलर नसलेल्या घरात, दारामागे उभी होते. आई म्हणाली, “बोलते की. एकदा बोलली तर हॉस्पिटल उठवलं तिनं.”

उठवलं मात्र खरंच. आवाज किती काढायचा याचा मला सराव नव्हता. बाहेरच्या बाकावरच्या लोकांनीही ऐकलं. आईच्या हातातून पेढ्यांचा पुडा निसटला, वहिनीनं वळून माझ्याकडे बघितलं, सिस्टरांचं पेन त्या शून्यावर थांबलं, आणि मी म्हणाले:

“वहिनी खुर्चीत झोपते. खुर्चीत झोपायला उशी लागत नाही.”